नलूच्या वजनाचं पेट्रोल

वसंतराव महत्त्वाचं असं जेवताना कधी बोलत नसत. ते हात धुताना बोलत. तेव्हा पाठ वळलेली असते, नळाचा आवाज असतो आणि समोरच्याचं तोंड दिसत नाही. लग्नाला पस्तीस वर्षं होत आली तरी नलूने त्यांची ही सवय मोडली नव्हती, कारण खरं सांगायचं तर तिलाही त्यांच्या पाठीशी बोलणं सोपं जायचं.

त्या दुपारी मोरीत हात धुता धुता ते म्हणाले, "ती तुझ्या बाजूची सीट आहे ना, ती काढावी लागेलसं दिसतंय. तिथे टाकी बसवायचीय."

नलू ताटं उचलत होती. "कसली टाकी?"

"जादा पेट्रोलची. तुझ्या माहेरी, आचऱ्याला जाऊन परत यायचं तर आहे त्या टाकीत भागत नाही. तिकडे आपल्याला उतरायला जागा नाही, मधे पेट्रोल घ्यायला पंप नाही. म्हणजे जाण्याचं आणि येण्याचं, सगळं घाटावरच्या धावपट्टीवरूनच घेऊन निघायचं." नळ बंद झाला, टॉवेलने हात पुसून झाले आणि वसंतराव वामकुक्षीला गेले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. रे रोडला एका लाकडाच्या वखारीच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड भाड्याने घेऊन वसंतराव गेली अकरा वर्षं विमान बांधत होते. शोभेचं नव्हे, उडणारं. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढं छोटं, लाकडी सांगाड्याचं, डोक्यावर कापडी पंखांचं. नोकरी होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी जात, निवृत्त झाल्यावर रोज जाऊ लागले. पन्नाशीत त्यांनी विमान चालवायचा परवानाही मिळवला होता. गिरगावातल्या त्यांच्या बिल्डिंगीत आधी लोक उत्सुकतेने विचारायचे, "काय वसंतराव, कधी उडताय?" मग चेष्टेने विचारू लागले. पुढे पुढे तर लोकांना ती सवयच लागली, एखाद्याच्या गुडघेदुखीची चौकशी करावी तशी.

नलूने सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नव्हतं. कुणाचा नवरा पत्ते खेळतो, कुणाचा शेअर बाजारात डोकं फोडून घेतो, आपला विमान करतो. निदान संध्याकाळी घरी येतो. पण सांगाडा उभा राहिला, त्यात दोन फळ्या टाकल्या, तेव्हा वसंतरावांनी तिला शेडमध्ये नेऊन उजवीकडच्या फळीवर बसवलं आणि म्हणाले, "ही तुझी जागा." नलूला हसू आलं होतं. समोर काच नव्हती, इंजिन नव्हतं, वखारीची भिंत तेवढी होती. त्या भिंतीकडे बघत ती सहज बोलून गेली, "आमच्या घराला म्हणे खाडीने तिन्ही बाजूंनी वळसा घातलाय. बाबा सांगायचे. मी लग्नापर्यंत तिथे राहिले पण तो वळसा पुरता कधी दिसला नाही. खालून कसा दिसणार?"

"वरून दाखवतो," वसंतराव म्हणाले होते.

एवढंच. पण त्या एका वाक्यावर नलूने पुढची कितीतरी वर्षं काढली. शेडचं भाडं दिलं, डबे पोचवले आणि पंखांचं कापड आलं तेव्हा सुईही हातात घेतली. अख्ख्या बिल्डिंगीचे ब्लाउज शिवणारी बाई ती. पण हे शिवणं वेगळं होतं. पंख भिंतीला उभा टेकवायचा, एका बाजूला नलू, दुसऱ्या बाजूला वसंतराव, आणि हातभर लांब सुई कापडातून, लाकडी फासळीला वळसा घालून आरपार द्यायची. पलीकडच्याने ती धरून परत पाठवायची, प्रत्येक टाक्याला गाठ मारायची. दोन हिवाळे त्यात गेले. बोटांची सालं निघाली, पण टाका एक वाकडा पडला नाही.

आणि आता त्या विमानातून तिच्या माहेराला तिच्याऐवजी पेट्रोल जाणार होतं.

नलूचा राग मालवणी पद्धतीचा होता. आधी दोन दिवस गप्प, मग खोबरं खवताना विळीचा आवाज वाढतो, मग आमटीत मीठ कमी पडतं. वसंतरावांच्या हे काही लक्षात आलं नाही. बायको काही बोलत नाही म्हणजे तिला पटलं, असा सोयीचा समज करून घेऊन त्यांनी टाकी बनवायला टाकलीसुद्धा. ॲल्युमिनियमची, छान गोलाईच्या कडांची टाकी तयार झाली तेव्हा ते तिला मोठ्या कौतुकाने शेडमध्ये घेऊन गेले.

टाकी तिच्या जागेवर बसवलेली होती. हलू नये म्हणून तिला पट्टाही बांधला होता. तो पट्टा नलूचा होता. तिच्या मापाने तिनेच कापून शिवलेला.

"बघ," वसंतराव म्हणाले, "ऐंशी लिटर मावतं. म्हणजे वजन किती? अठ्ठावन्न किलो. बरोब्बर तुझ्याएवढं. विमानाचा तोल बघायची दगदगच नाही, तुझ्या जागी ही ठेवली की झालं."

माणूस इतका आनंदात असतो तेव्हा त्याच्यावर चिडणं जड जातं. पण नलू चिडली. "आणि मी काय करू?"

"तू? मी येतो ना व्हिडिओ काढून. खाडी, घर, तुझा दादा, सगळं. घरी टीव्हीवर लावून आरामात बघू."

"माका काय इंधन समजलात?" नलू म्हणाली. तिच्या तोंडून मालवणी निघालं की वसंतराव गडबडत. "आचरा माझं, खाडी माझी, बाप माझा. तुमचा तिथे संबंध काय, तर माझ्याशी लग्न झालं एवढाच. आणि मला घरी ठेवून तुम्ही माझं माहेर बघून येणार. वर मला त्याचं चित्र दाखवणार."

"अगं पण मग पेट्रोल ठेवू कुठे?" वसंतरावांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

नलू शेडबाहेर पडली. टॅक्सीत बसल्यावर तिला रडू आलं. विमानात बसायला मिळणार नाही याचं तेवढं नव्हतं. अकरा वर्षांत या माणसाला ती जागा एका टाकीपेक्षा वेगळी वाटली नाही, याचं होतं.

पुढचे दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. चहा हवा का, नको. बिल भरलं का, भरलं. शेडकडे नलू फिरकली नाही. मग दर्शनाचा फोन आला.

दर्शना लालबागची. आजोबा गिरणीत होते, ती विमानतळावर इंजिनियर होती. मोठ्या विमानांची देखभाल करायची. वसंतरावांचं विमान वेळोवेळी तपासायचं काम तिने सुट्टीच्या दिवशी अंगावर घेतलं होतं, आणि तिने ठीक म्हटल्याशिवाय विमान शेडबाहेर काढायचं नाही असं ठरलेलं होतं. स्वभावाने गोड, पण कामात कुणाची भीड ठेवत नसे.

"काकू, रविवारी याल का? वजन करायचंय विमानाचं. आणि पंखांचे टाके कसे घातले ते मला काकांकडून नको, तुमच्याकडून ऐकायचंय."

टाक्यांबद्दल विचारलं म्हणून नलू गेली. नाहीतर गेली नसती.

तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवले होते. दर्शनाने पंखांवर हात फिरवला, टाके नखाने चाचपले, गाठीबद्दल दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाली, "काकू, आमच्याकडे कुणी असं शिवत नाही आता. तुमी खंयचे?"

"आचऱ्याची."

"आमचो गाव कणकवली," दर्शना म्हणाली, आणि दोघी जरा वेळ खुलल्या. वसंतराव मधेच घाईने म्हणाले, "रिकामं विमान झालं मोजून. आता टाकी भरल्याचं वजन मिळवा, हत्यारं आणि सामानाचे तीस किलो मिळवा, माझं मिळवा. माझं बहात्तर."

दर्शनाने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "बहात्तर?"

"बहात्तर. पहिल्यापासून तेच धरलंय."

"काका, बसा आत."

"कशाला? सांगतोय ना."

"बसा तर खरं."

वसंतराव चढले. चढताना विमानाने हलकेच मान टाकली. दर्शनाने तिन्ही काटे वाचले, बेरीज-वजाबाकी केली, पुन्हा वाचले. "एकोणनव्वद."

"काट्यात काहीतरी आहे."

दर्शना स्वतः एका काट्यावर चाकाशेजारी उभी राहिली आणि आकडा किती वाढला ते पाहिलं. "माझे चोपन्न, काल घरी पण चोपन्न. काट्यात काही नाही."

नलूला हसू आवरेना. या माणसाने विमानाचा एकेक स्क्रू तोलून बसवला होता. वजन वाचावं म्हणून दाराच्या कडीला भोकं पाडली होती. एकदा नलूने सीटसाठी आणलेली गादी दोनशे ग्रॅमने जड आहे म्हणून परत करायला लावली होती. आणि हे सगळं होताना त्यांनी स्वतःला मात्र एकदाही काट्यावर ठेवलं नव्हतं. परवान्यासाठी तपासणी व्हायची तेव्हा डॉक्टर वजन सांगत. ते वसंतराव जिना उतरेपर्यंत विसरून जात. यात नलूचाही वाटा होता, हे ती कबूल करत होती. रविवारचे साबुदाणे वडे, शेडवर पाठवलेले डबे, "घ्या हो अजून एक" म्हणत वाढलेल्या पुरणपोळ्या. पंखाच्या एकेका टाक्याबरोबर घराच्या धन्याची एकेक गुंडी ताणली जात होती.

दर्शना मात्र हसत नव्हती. "काका, हे नाही चालणार. सीटच्या जागची टाकी भरली, तीस किलो सामान ठेवलं, तुम्ही एकटे बसलात, तरी सतरा किलो जास्त होतंय. एवढं वजन घेऊन घाट ओलांडायचा? मी हो नाही म्हणणार."

वसंतराव खाली उतरले आणि लाकडाच्या ठोकळ्यावर बसले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. नलूला त्यांची दया आली, आणि आपल्याला दया यावी याचा रागही आला.

"पण ऐंशी लिटर कशाला?" दर्शनाने विचारलं. "जाऊन यायला, वर हाताशी राखून ठेवायला धरलं तरी याच्या निम्म्यात होतंय. कुठे, श्रीलंकेला चाललाय?"

"असू दे म्हटलं," वसंतराव पुटपुटले. "कमी पडण्यापेक्षा जास्त बरं."

हे तर घरचंच होतं. दोन माणसांच्या घरात सहा महिन्यांचे पोहे भरून ठेवणारा माणूस पेट्रोल तरी मोजकं का घेईल?

"मग निम्म्याची टाकी कुठे बसेल?" नलूने विचारलं.

"पंखात," दर्शना लगेच म्हणाली. "दोन्ही पंखांच्या मुळाशी, पहिल्या दोन फासळ्यांच्या मधे. एकेक छोटी टाकी. पंख डोक्यावर आहेत, पेट्रोल आपोआप खाली उतरतं. तुमची सीटही राहते. काकांनी हा विचार केला नसेल असं नाही."

"केला होता," वसंतराव म्हणाले. "पंखाला हात लावायचा नाही."

"का?"

वसंतराव उठले. कोपऱ्यात पाण्याचा पिंप होता, त्याच्याकडे गेले, तोटी सोडली आणि स्वच्छ असलेले हात धुवायला लागले. "दोन हिवाळे तिने सुई धरलीय," ते पिंपाला म्हणाले. "बोटं सोलवटली होती, रात्री भाताला हात लावला की चुरचुरायची. आणि ते कापड मी आता ब्लेडने फाडू? सीट काय, चार स्क्रू. काढली, परत लावली. टाके परत कुठून आणू?"

नलूला आठवलं, कुणी पाहुणा आला की वसंतराव त्याला इंजिन दाखवत नसत, आधी पंखाकडे नेत. "हे टाके बघा," म्हणत. पाहुण्याला इंजिन बघायचं असायचं. तो बिचारा टाके बघायचा. तिला भरून आलं. आणि त्याच दमात असा राग आला की तो पिंप उचलून त्यांच्या डोक्यावर ओतावा. एवढं सगळं मनात होतं तर तोंडाला काय कुलूप होतं? टाके वाचवायला निघाले, आणि टाके घालणारीला घरी बसवून.

"टाके कुणाचे?" तिने विचारलं.

"तुझे."

"मग ते उसवायचे की नाही हे कुणी ठरवायचं?"

वसंतरावांनी तोटी बंद केली. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण ते द्यायला ते वळेपर्यंत नलूने दर्शनाकडून ब्लेड घेतलंही होतं. "कुठून कुठपर्यंत, ते खडूने आखून दे गं."

दर्शनाने आखून दिलं. नलूने पहिला छेद दिला. कापड ताणलेलं होतं, ब्लेड लागताच टर्रकन फाटत गेलं. मग एकेक गाठ कापत ती फासळीवरून पुढे गेली. वसंतराव जवळ येऊन उभे राहिले, पण त्यांच्याने बघवेना. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"पण एक आहे," नलूने ब्लेड खाली ठेवल्यावर दर्शना म्हणाली. "पंखात टाक्या भरल्या, तुम्ही दोघं बसलात, तर हिशोब जेमतेम जमतो. सामान काही नाही, पिशवीसुद्धा नाही. आणि चालवणारा बहात्तरचाच पाहिजे. कागदावरच्या काकांनी उडवलं तर उडेल. या काकांनी नाही."

दोघींनी वसंतरावांकडे पाहिलं. ते स्वतःच्या पोटाकडे बघत होते.

त्यानंतर गिरगावच्या त्या घरात जे झालं त्याला उपास म्हणणं म्हणजे उपासाचा अपमान होता, कारण वसंतराव उपासाला नेहमीपेक्षा जास्त खात. आता भाकरी एक, भाजी भरपूर, तुपाचा डबा वरच्या फळीवर. साखर चहातून गेली. संध्याकाळी दोघं चौपाटीवर भरभर चालायला जाऊ लागली. भेळेच्या गाड्यांपाशी आलं की वसंतराव मान समुद्राकडे वळवत. नलूने किलो मोजणं बंदच केलं. किलो उतरला की ती म्हणायची, "घ्या, दीड लिटर जागा झाली." बिल्डिंगीतल्या लोकांना कळेना की या घरात माणसं वजन लिटरमध्ये का मोजतात.

एकदा ते घसरलेही. रे रोडच्या नाक्यावर वडापाव खाऊन आले आणि शर्टावर चटणी घेऊन आले. नलू ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "माझ्या सीटवर बसून खाल्लात की उभ्याने?" वसंतरावांनी तो वडापाव पुढे कित्येक दिवस मनात चघळला, पण दुसरा खाल्ला नाही.

पंखातल्या टाक्या तयार झाल्या. बसवल्यावर गॅस सिलिंडरच्या नळीला लावतो तसं साबणाचं पाणी प्रत्येक जोडाला लावून बघितलं. एका ठिकाणी बुडबुडा आला, ते काढून पुन्हा केलं. दर्शनाने अंगठा वर केला तेव्हा कापड परत चढवायची वेळ आली.

पुन्हा पंख उभा राहिला. पुन्हा मधे कापडाची भिंत, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते. "सुई आली?" "आली." "ओढा." "ओढली."

चार-पाच टाके झाल्यावर पलीकडून आवाज आला, "नलू."

"काय?"

"मला वाटलं, तुला खाडी दाखवायची म्हणजे मी तिथे पोचलो की झालं. तू बरोबर नसलीस तर दाखवणार कुणाला, हे डोक्यातच आलं नाही. विमान पोचवायच्या नादात विसरलो."

नलूने सुई हातात धरून ठेवली. पस्तीस वर्षांत या माणसाने चुकलो असं सरळ म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. आताही म्हटलं ते कापडाआडून, पण म्हटलं. "विसरलात ते दिसलंच," ती म्हणाली. "आणि मीही तोंडाला खीळ घालून बसले. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, आणि मी कुठे बसू म्हणून."

"सुई देतेस ना?"

"देते. बोटं सांभाळा."

शेवटचं वजन झालं तेव्हा वसंतरावांची पँट पट्ट्यावर तरंगत होती. दर्शनाने काटे वाचले. "एकाहत्तर, काका. तुम्ही स्वतःच्याही पुढे गेलात." वसंतरावांनी रुमाल काढून चष्मा पुसला, आणि मग डोळे.

विमान ट्रकवर चढलं. पंख वेगळे, अंग वेगळं, सगळं चादरींत गुंडाळून घाटावरच्या एका छोट्या धावपट्टीला पोचलं. तिथे पुन्हा जोडणी, पुन्हा तपासणी, परवानग्यांसाठी हेलपाटे. वसंतराव आधी एकटे उडाले, जवळच्या जवळ, पुष्कळदा. नलू खाली दर्शनाजवळ उभी राहून मनातल्या मनात सगळ्या देवांना कामाला लावायची. आणि मग थंडीतल्या एका स्वच्छ सकाळी तिने उजवीकडच्या सीटवर बसून आपला पट्टा स्वतः बांधला. हातात पिशवी नाही, डबा नाही. माहेरी रिकाम्या हाताने निघालेली ती आचऱ्याची पहिलीच लेक असेल.

"आधीच सांगतो," वसंतराव कानातल्या यंत्रातून म्हणाले. "घरावर एकच फेरी. मग सरळ परत. पेट्रोल हिशोबात आहे."

घाट खाली सरकला. तिला भीती वाटेल असं तिने धरलं होतं, पण डोंगरांच्या कडा इतक्या शांतपणे मागे जात होत्या की भीतीला सवडच मिळाली नाही. मग झाडांची गर्दी, लाल रस्ते, कौलं, आणि लांबवर चमकणारी समुद्राची रेघ. वसंतराव नकाशा आणि जमीन ताडून बघत होते. "आलं," ते एकदम म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "नलू, आलं. ती बघ खाडी. आणि ते घर. दादा उभा आहे गच्चीवर, काहीतरी पांढरं हलवतोय. काय वळसा आहे गं, बाबांनी सांगितला तसाच." विमान कलतं करून त्यांनी घराभोवती अख्खी गोल फेरी मारली. ते सारखे बोलत होते. हे बघ, ते बघ.

फेरी संपली. पंख समतल झाले. "बघितलंस ना?" त्यांनी विचारलं. त्यांचे डोळे भरले होते.

"नाही," नलू म्हणाली.

"म्हणजे?"

"विमान तुमच्या बाजूला कललं होतं. माझ्या खिडकीतून नुसतं आकाश दिसलं. आणि इकडून तुमचा कान."

वसंतरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खिडकीकडे, मग डाव्या बाजूच्या आपल्या खिडकीकडे. अकरा वर्षं आणि एक शेड, दोनदा शिवलेले पंख, उतरवलेले सतरा-अठरा किलो, इतकं सगळं करून ते इथवर आले होते आणि खाडी पुन्हा त्यांनी एकट्यानेच बघितली होती. चुकलो म्हणायला हवं होतं. इथे हात धुवायला मोरीही नव्हती.

नलू या वेळी गप्प बसली नाही. "पेट्रोल किती आहे?" तिने विचारलं.

त्यांनी काचेच्या नळीतली पातळी बघितली. घड्याळ बघितलं. हिशोब केला, पुन्हा केला, कारण यात चूक चालणार नव्हती. पंखातलं अजून बरंच शिल्लक होतं.

"आहे," ते म्हणाले. "परत पोचून उरेल एवढं आहे."

"मग माझ्या बाजूला वळवा."

विमान उजवीकडे कललं. आकाश खिडकीतून वर निघून गेलं आणि त्याच्या जागी हिरवं पाणी आलं. खाडी समुद्राकडून आत शिरत होती, माडांच्या बुंध्यांपाशी थबकत होती, आणि मग सावकाश, अगदी पुरता वळसा घालून घराच्या पाठीमागून निघत होती. तिथे मागचं दार होतं, विहीर होती, आणि गच्चीवर म्हातारा दादा दोन्ही हातांनी पंचा हलवत होता. नलूने खिडकीला कपाळ टेकवलं. तिला रडायला येत होतं पण रडलं तर नीट दिसलं नसतं, म्हणून ती रडली नाही.

"दिसलं?" वसंतरावांनी हळूच विचारलं.

"दिसतंय," नलू म्हणाली. "सरळ करू नका इतक्यात."

त्यांनी केलं नाही.